दोन बोकडांचा कम्प्युटर

...अन् वर तो दुकानवाला मलाच म्हणतो, "भागवतभाऊ, मैंने तो पूछा था ना!" पुसलं होतं बाबा, पुसलं होतं! पण पुसायची काही रीत असती का न्हाई? तुमाला सांगतो, माझी सोयरीक जुळवायला जेवढ्या बैठका झाल्या न्हाईत, तेवढ्या ह्या एका डब्यापायी झाल्या, अन् दर बैठकीला निकाल एकच... जुळत न्हाई!

थांबा, मुळापासून सांगतो. मी गोरेगावचा. शेरडं-मेंढरं हायेत, थोडं वावर हाये, अन् घरात एक जुना कम्प्युटर. तो मोहिनीचा. मोहिनी म्हणजे माझी बायको, गावातल्या पोरींना टायपिंग शिकवायची. तीन वर्षं झाली तिला जाऊन. त्या कम्प्युटरात आमच्या पुनमच्या बारशाचा व्हिडिओ होता. मोहिनी पाळणा म्हणते त्यात, सवता रचलेला. "पुनम माझी, चांदण्याची..." अन् तिथंच अडकायचा! मोहिनीचं तोंड उघडं, हात दोरीवर, अन् मधी ते गोल चक्कर फिरून राहिलं. पुनम आता आठ वर्षांची हाये. रोज शाळेतून आली की लावायची, अन् रोज पुसायची, "बाबा, चांदण्याची काय?"

आता मला काय ठाव? मी तवा मांडवामागं आचाऱ्याशी भांडत होतो, बुंदीत पाक कमी काहून म्हणून! बायको आत लेकीसाठी गाणं म्हणते, अन् हा शहाणा बाहेर बुंदी चाखतो! माझी माय गोजरबाई म्हणायची, "चांदण्याची बाहुली असंल." मेव्हणा अंगद म्हणायचा, "चांदण्याची वाट असंल." पुनम म्हणायची, "तुमी समदे अंदाजानं सांगता."

तुमी म्हणाल, पेनड्राइव्हात काढून घ्यायचं. घेतलं असतं हो! पण जिथं पेनड्राइव्ह लावायचा, त्या भोकात मुंग्यांचा संसार! मोबाईल दुरुस्तीवाल्यानं पाहिलं अन् म्हणला, व्हिडिओ ठणठणीत हाये, मशीन थकली, रॅम वाढवा. झालं! मायनं दोन बोकड विकले अन् पैसे माझ्या हातावर ठेवले. "घे," म्हणली, "लेकराला माय पुरी ऐकू दे." म्हणजे आपलं बजेट दोन बोकड. शिंगासगट.

अंगद नांदेडला कामाला हाये, त्याला म्हणलं, येताना रॅम आण. आता आपल्यात शाळेचा डरेस कसा घेतात? वाढत्या अंगाचा! बाह्या दुमडायच्या, पोरगं तीन वर्षांनी त्यात बसतं. अंगदनं रॅम तशीच घेतली. "दाजी," म्हणतो, "जुन्या मापाची कशाला? पुढच्या पिढीची आणली, वाढत्या अंगाची!" लावायला गेलो तर खाच इकडं अन् दात तिकडं. दाबून पाहिली, फुंकून पाहिली, मायनं कुंकवाचं बोट लावून पाहिलं... जुळत न्हाई!

गेलो हिंगोलीला, शंकरसिंगच्या दुकानात. त्यानं रॅम नुसती उलटी केली अन् म्हणला, "इस के लिए बोर्ड नया लगेगा." म्हणलं, दे. बोर्ड आला. त्याच्यावर जुना प्रोसेसर ठेवला... जुळत न्हाई! "प्रोसेसर भी नया लगेगा." एक बोकड अख्खा गेला तिथं! मग करंट पुरवणारा डबा, त्याची वायर जुनी, नव्या बोर्डाला ती बसंना. बरं, तो बी नवा घेतला. तर शेवटी बोर्ड जुन्या कॅबिनेटात मावंना! मला सांगा, आपण शर्टाचं बटण बसवायला गेलो, अन् शिंप्यानं शर्ट, पायजमा, टोपी समदं बदलून आपल्याला घरी लावून दिलं, तर त्याला काय म्हणायचं? कम्प्युटरचा टीव्ही तेवढा जुना राहिला अन् माउस.

अन् पैसे कमी पडले. थोडेच कमी, पण पडले. तवा शंकरसिंग म्हणला, "पुराना मोड में दे दो." मोड! बघा, हा शब्द कानावर पडला अन् मी गेलो. आमच्या घरात पितळेची परात घेतली तरी जुनी घागर मोडीत घातल्याबगर मायला चैन पडत न्हाई. मोड दिली म्हणजे सौदा जिंकला! त्यानं बराबर पुसलं, "अंदर का कुछ रखना है क्या?" अन् मी, एवढा मोठा हुशार, हसून काय म्हणलं ठाव हाये? "मोडीत दिलेल्या घागरीत कोणी डोकावून पाहतं का?"

घरी आलो. पुनम येणी घालून पुढं बसली, माय मागं बसली, अंगद बी मुद्दाम सुट्टी घेऊन आलेला. बटण दाबलं. भर्रकन चालू! चक्कर न्हाई, घरघर न्हाई, समदं जुळलं! पुनम म्हणली, "बाबा, आईचा व्हिडिओ कुठं हाये?"

तवा माझ्या ध्यानात आलं. आई जुन्या डब्यात होती. ती हार्डडिस्क का काय म्हणतात, तिच्यात. मी सवताच्या हातानं मोडीत घातली तिला, वरून जोक केला.

सकाळच्या पहिल्या जीपनं हिंगोली गाठली. शंकरसिंग हळहळला, पण म्हणला, माल कालच गेला, वारंगा फाट्याहून हैदराबादच्या ट्रकात. मी फाट्यावर गेलो. दिवसभर उभा! येईल त्या ट्रकाला हात करायचो, अन् म्हणायचो काय? तुमच्या भंगारात माझी बायको अर्धं गाणं म्हणून थांबली हाये? एका ड्रायव्हरनं मला चहा पाजला. पिसा समजून पाजला असंल.

परत आलो तर पुनम दारातच उभी. माझ्याकडं पाहिलं, हातातली पिशवी रिकामी पाहिली, अन् म्हणली, "जाऊ द्या बाबा, फास्ट तर झाला ना." आठ वर्षांचं लेकरू माझी समजूत घालून राहिलं! त्या दिवसापासून ती चांदण्याची काय, हे पुसत न्हाई. मला वाटतं, लेकरानं एकदा तरी पुसावं. चुकीचं का व्हईना, सांगितलं असतं मी काहीतरी.

बाकी कम्प्युटर झकास हाये, तुमाला सांगतो. समदं समद्याला जुळलं. बटण दाबलं की पापणी लवायच्या आत पडदा उघडतो... अन् आता कुठंच अडकत न्हाई, कारण अडकायला आत कोणी राहिलंच न्हाई.