कूलर आणि माझा पुढचा दात

त्या दाताच्या डॉक्टरचं नाव काढू नका, माझं डोकं अजून फिरतं. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्यानंतरचा उन्हाळा. आमच्या नांदगावात लोक लग्नं पुढं ढकलून राहिले होते आणि माझं मात्र ठरत आलं होतं.

दाढ दुखली म्हणून अमरावतीला गेले. डॉक्टरनं बोललेलं ऐकून लिहिणारा नवीन कॉम्प्युटर आणलेला. हा तोंडात बघून बोलणार आणि तो दातांचा तक्ता भरणार. पण कूलरच्या घरघरीत कॉम्प्युटरला काही ऐकू जाईना, म्हणून हा माणूस ओरडायला लागला.

"वरचा पुढचा दात, नकली. खालची दाढ, किडलेली. तोंडाला वास."

मी आ वासून हातानंच खुणावतेय, हळू बोला. तर म्हणतो, "हलू नका, परत सांगावं लागते त्याले."

पडद्याबाहेर बाकावर मुलाची आई बसलेली, आठ दिवसांपूर्वी मला पाहून गेलेली. मी बाहेर आले तशी सगळ्यांसमोर म्हणाली, "काहून वो, दात नकली हाये हे आमाले कोणी सांगतलं नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात आतून पुढचा नंबर पुकारला. तिचाच होता. मी तिच्या शेजारी नीट मांडी घालून बसले.

"जा मावशी, तुमचा नंबर लागला. आता मले आयकू द्या."

तिनं पदर तोंडाला लावला आणि आत न जाता सरळ जिना उतरली.