पश्चिमेचा पत्रा

जळगावच्या बसस्थानकावर धुळ्याच्या गाडीची वाट बघत कोकिळाताई मोबाइल चाळत होत्या. शेजारी टोपीवाले एक आबा होते आणि त्यांच्या पलीकडे एक कारागीर. त्याच्या पेटीवर रंगानं लिहिलं होतं, ‘नूर महंमद, सावदा’.

“हाई पेटीमा काय शे, भाऊ?”

“स्टीलचे स्क्रू, आबा. समुद्राच्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. गुहागरच्या एका आजींच्या ओट्यावर मागच्या वर्षी काचेची खोली केली होती, तिकडेच परत चाललोय.”

“मंग परत काब्र जाई राहिना?”

“दोन बाजूंना काच लावली अन् पश्चिमेला पत्रा ठोकला.”

“बरोबरच करं तुनी! पश्चिमले कोनी काच लावस का? दुपारले मानूस भाजाई जाई!”

“हाताला तीच सवय ना, आबा. पण तिथं समुद्रच पश्चिमेला. मी त्याच्याकडे पाठ करून पत्रा ठोकत होतो.”

कोकिळाताईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला.

“म्हतारी काही बोलनी नही?”

“वर्षभर नाही. म्हणे, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला कसं सांगायचं? पुण्याहून मुलगा आला, त्यानं पाहिलं, तेव्हा मला कळलं. आता तिथं काच बसवतो.”

“रागे भरेल व्हई ती.”

“काल फोन केला, तर म्हणाल्या, सावकाश ये, पण आलास की पत्रा त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत काढ. खुर्ची पहिल्या दिवसापासून तिकडेच तोंड करून ठेवलीय.”