दाराआतला चपलांचा स्टँड

तुम्ही सगळे आपापल्या वडिलांचे हट्ट सांगताय, तर आमच्या बाबांचाही ऐका. त्यांना शुगर आहे, तळपायांना काही म्हणजे काही जाणवत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, जखम चिघळली तर पाय जाईल. पण आमची लालबागची खोली एवढीशी, दारासमोरच देव्हारा. देवासमोर चपला घालून फिरायला बाबा तयारच होईनात.

शेवटी मीच प्लायवूडच्या फळ्या कापून आणल्या आणि दाराच्या आत, भिंतीला वीतभर रुंदीचा स्टँड ठोकला. वरचा कप्पा फक्त बाबांच्या घरातल्या स्लिपरसाठी.

"अगं, देवाच्या पुढ्यात चपला? काय म्हणेल तो?"

"पाय देव नाही कापणार बाबा, डॉक्टर कापतील. घाला मुकाट्याने!"

त्यांनी स्लिपर पायात सरकवल्या. मला वाटलं, चला, जिंकले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येते तर स्टँड बाहेर गॅलरीत. बाबांनी एकट्यानेच खिळे उपटून तो काढला होता.

"बघ, कसं मोकळं वाटतंय!" खोलीत अनवाणी येरझाऱ्या घालत ते खुशीत म्हणाले.

मी भांडायला तोंड उघडलं आणि खाली नजर गेली. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत लादीवर लाल ठसे. बाबांनी पुढचं पाऊल उचललं, तेव्हा टाचेत रुतलेला खिळा दिसला.

माझ्या नजरेमागोमाग त्यांनीही खाली पाहिलं.

"अगं, केवढं हे रक्त! कुठे लागलं तुला?"