काकांनी साखर नाकारली

मधुमेहाचं गणित मला अजून सुटलेलं नाही, तुम्हाला सुटतंय का बघा. साखर रेशनवर होती तेव्हाची डोंबिवलीतली गोष्ट. आमच्या काकांना मधुमेह, आणि ते साखर चोरून खायचे, म्हणून काकूने डब्याला कुलूप घातलेलं.

गणेश चतुर्थीला काकांनी रोजच्या वेळेला इन्सुलिन टोचून घेतलं. पण गणपती घरोघरी आणि गुरुजी एकच. पूजा होईना, आणि नैवेद्याआधी जेवायचं कसं? दुपारी काका घामाघूम झाले आणि मला म्हणाले, "मास्तर, कल्याणचं एक तिकीट द्या." मी त्यांचा सख्खा पुतण्या.

शेजारचे डॉक्टर धावत आले. "आधी साखरपाणी पाजा."

काकू म्हणाली, "अहो, साखर तुम्हीच बंद केलीत ना?"

"तेव्हा रक्तात जास्त होती. आता इन्सुलिनने उतरवली आणि पोटात अन्न नाही. मेंदू उपाशी आहे त्यांचा."

काकूने कुलूप काढलं, तर काका तोंड मिटून बसले. "मला मधुमेह आहे. साखर चालत नाही." जन्मात पहिल्यांदा पथ्य पाळलं ते तेव्हा. शेवटी मी हात धरले आणि काकूने कसंबसं पेलाभर पाजलं.

थोड्या वेळाने काका भानावर आले. "काय पाजलंस?"

"साखरपाणी."

काकांनी रिकाम्या पेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "तू आपल्या हाताने साखर दिलीस, आणि मला चवसुद्धा आठवत नाही. आणखी एक पेला दे."

डॉक्टर म्हणाले, "आता जेवायला वाढा. साखर बंद."

काकू हातात कुलूप घेऊन तशीच उभी.