एक पाय सहा, एक पाय सात

डॉक्टर : ...तर पायाच्या अंगठ्यामागचं हाड कापायचं, सरळ रेषेत आणायचं आणि एक-दोन बारीक स्क्रू लावायचे. तासाभराचं काम.

छोटी : स्क्रू? ही माझी बहीण आहे डॉक्टर, कपाट नाही.

ताई : तू गप्प बस गं. ते स्क्रू परत काढावे लागतात का?

डॉक्टर : सहसा नाही. त्रास द्यायला लागले तरच काढतो.

ताई : त्रास दिला की काढता येतं? हिच्यासाठी आहे का अशी काही सोय?

छोटी : आणि ही तेव्हा जागी असणार?

डॉक्टर : पाय बधिर करू. हवं तर झोपेचं औषधही देता येईल.

छोटी : द्याच. म्युझियममध्ये गाइड आहे ती. समोर काही उघडलेलं दिसलं की माहिती सांगायला लागते.

ताई : त्या नोकरीपायीच आलेय ना डॉक्टर. बारा दालनं आहेत. हल्ली सातव्यापर्यंतच हा उजवा पाय साथ देतो. तिथे थांबून मी म्हणते, ‘इथे आपली फेरी संपली’, आणि लोक टाळ्या वाजवतात. आठव्यात डायनासोर आहे. माझ्या गटातल्या एकाही माणसाने वर्षभरात त्याला पाहिलेलं नाही.

छोटी : साडेसहा कोटी वर्षं थांबलाय तो. आणखी थोडा थांबेल.

ताई : साहेब थांबणार नाहीत. म्हणाले, फेरी पुरी होत नसेल तर तिकीटखिडकीत बसा. मी लोकांना आत सोडायचं आणि स्वतः बाहेर बसायचं!

डॉक्टर : मग आधी थोडा धीर धरावा लागेल, ताई. घरी त्याच दिवशी सोडू. पण पहिले दोन आठवडे पाय उंच ठेवायचा. अगदी छातीपेक्षा वर.

ताई : तेवढी जाड उशी घरात एकच आहे.

छोटी : ती माझी आहे.

ताई : बघा. रक्ताचं नातं.

डॉक्टर : दोन आठवड्यांनी टाके काढू. कडक तळव्याचा खास बूट मात्र सहा आठवडे घालायचा. तोवर गाडी चालवायची नाही. सूज हळूहळू उतरते, काही महिने धरून चला.

छोटी : तो खास बूट जोडीने मिळतो?

डॉक्टर : नाही, एकच. उजवा.

छोटी : एकच मिळतो! ताई, ऐकलंस? बूट एकेक मिळतात! आणि आपण वीस वर्षं...

डॉक्टर : काय झालं?

ताई : या टेंगळामुळे माझा उजवा पाय सात नंबर, डावा सहा. हिचं बरोब्बर उलटं. म्हणून आम्ही एक सहाचा जोड घेतो, एक सातचा, आणि दुकानाच्या पायरीवर बसून अदलाबदल करतो.

छोटी : वीस वर्षांत एक भांडण नाही.

ताई : रंगावरून दरवेळी.

छोटी : रंग सोडून.

डॉक्टर : म्हणजे धाकट्या ताई, तुमच्या डाव्या पायालाही...

छोटी : माझं काही नाही हो. माझा पाय मुळातच मनमोकळा आहे. प्रश्न हिचा आहे. हिचे दोन्ही पाय सहा झाले की मी कुणाशी अदलाबदल करू?

ताई : म्हणून महिनाभर ऑपरेशनला नाट लावत होतीस? मला वाटलं, माझ्या भुलीची भीती वाटतेय तुला.

छोटी : तीच वाटते. सांगायची लाज वाटली म्हणून बुटांचं काढलं.

डॉक्टर : हे बघा, नंबर कमी होईलच असं नाही. दुखणं कमी व्हावं म्हणून आपण हे करतो. कदाचित साडेसहा होईल.

छोटी : साडेसहा? तो तर आत्याचा नंबर! आता ही आत्याबरोबर जाणार!

ताई : मुळीच नाही. आत्या सगळं जांभळं घेते.

छोटी : डॉक्टर, जरा इकडे बघता?

(छोटी डाव्या पायातला मोजा काढते.)

डॉक्टर : अरे बापरे. कधीपासून दुखतंय?

छोटी : दुखत नाही. जिना चढताना, उतरताना आणि सपाटीवर, बस.

ताई : आणि मला बोलली नाहीस?

छोटी : तुझा पाय आहे तसा राहील, तर माझाही राहू दे म्हटलं.

डॉक्टर : दोघींचं एकदम नको. एकीची उस्तवार करायला दुसरी धडधाकट हवी. आधी मोठ्या ताई. त्या फिरायला लागल्या की तुमच्या पायाचे फोटो काढू, मग ठरवू.

छोटी : हिचा तो खास बूट मला चालेल?

डॉक्टर : यांचा उजवा. तुम्हाला डावा लागेल.

छोटी : उजवा तिचा, डावा माझा. ताई, झाला की जोड!

ताई : उशी देणार आहेस?

छोटी : दिली. पण डायनासोर मला आधी दाखवायचा. लोकांना नंतर.

ताई : कबूल. आणि पुढे खरे बूट घ्यायला?

छोटी : बरोबरच जायचं. पायरीवर बसायचं.

ताई : अदलाबदलीला काही उरलंच नसेल तर?

छोटी : तरी बसू थोडा वेळ.