भर बाराचं पाणी

मंडळी, रामजन्माला अजून अवकाश आहे! पाळणा सजलाय, सुंठवडा झाकून ठेवलाय — झाकण कोणी उचलून पाहिलं ते मला इथून दिसलंय, नाव घेत नाही! — आणि वर छपरावर तुमच्या देवस्थानानं नवेकोरे सौर पॅनल बसवलेत. अध्यक्ष मला आल्या आल्या म्हणाले, “बुवा, आज तुमचा आवाज सूर्यावर चालणार!” म्हटलं, बरं झालं! आजवर नुसत्या चहावर चालत होता.

देव सूर्यवंशाचा, पंखा सूर्याचा, माईक सूर्याचा. सगळं कसं पवित्र! मग आज एकच प्रश्न विचारतो. एखादं काम पवित्र होतं ते कशानं? त्या कामातून काय निघतं, धूर की उजेड, त्यानं? की ते काम करणाऱ्या माणसाला आपण कसं वागवतो, त्यानं?

मागं काय गडबड आहे? पाणी टपकतंय? पाऊस नव्हे हो काकू, वर पॅनल धुणं चाललंय. जरा सरकून बसा. हां. तर ऐका!

विदर्भातल्या एका गावाशेजारी कोळशाचं वीजकेंद्र होतं. गावाचं नाव सांगत नाही — तिथं मला अजून कीर्तनाला बोलावतात! त्या केंद्राच्या कोळसा यार्डात नथ्थू पिंपळशेंडे नावाचा मुकादम. आता कोळशाची एक खोड असते, मंडळी. ढीग नुसता पडून राहिला तरी आतून तापतो. हवा लागते, धुमसतो आणि एक दिवस आपणहून पेटतो. आमच्या घरात अशी दोघं-तिघं आहेत!

नथ्थू काय करायचा? ढिगाभोवती फिरायचा, नाक वर करायचा, हुंगायचा आणि ओरडायचा, “मारा पाणी!” की फवारे सुरू! उभ्या आयुष्यात त्याचा हा एकच मंत्र — तापलं की पाणी. पोराला ताप आला, कपाळावर पाणी. मोटारसायकल तापली, पाणी. एकदा मोठा साहेब रागानं लाल झाला, तर नथ्थूनं शांतपणे त्याच्यापुढंही पाण्याचा ग्लास धरला!

पुढं ते जुनं केंद्र बंद झालं. धूर थांबला. चांगलंच झालं की! बायकांच्या वाळवणावर राख बसेनाशी झाली, म्हाताऱ्यांचा खोकला उतरला. पण मंडळी, चूल विझली की स्वयंपाकघर निजतं, पोट निजत नाही. यार्डातल्या माणसांनी जायचं कुठं?

तेव्हा जाहीर झालं, राखेच्या जुन्या तळ्यावर सौर पॅनल बसणार आणि काम यार्डातल्या माणसांनाच मिळणार. नथ्थू हरखला! घरोघर हिंडला. यार्डातल्याच गिरजाबाईच्या दारात उभा राहून म्हणाला, “चाल बाई, नाव दे. काही कमी-जास्त झालं तर मी जिम्मेदार!”

गिरजाबाई एकटीच्या जिवावर दोन लेकरं शिकवत होती. ती म्हणाली, “भाऊ, तुमच्या शब्दावर येतो. मले दुसरं काही समजत नाही.”

उद्घाटन झालं. भाषणं झाली. मुकादमी नथ्थूकडंच राहिली. प्रत्येकाला हिरवी टोपी मिळाली, टोपीवर छापलेलं — हरित रोजगार! नथ्थूला तर ती इतकी आवडली की बायको म्हणाली, “आता झोपताना तरी काढा!”

आणि टोपीखाली काय होतं? यार्डात फाटकाचा पास होता, दवाखाना होता, जेवायला शेड होती. इथं ठेकेदाराचा माणूस होता, भोंगळे. पॅनल धुवायला टँकर, प्यायला ज्याचं त्यानं आणायचं. अख्ख्या शिवारात सावली फक्त पॅनलखाली, आणि तिथं बसायची बंदी!

गिरजाबाई भाकरीचं फडकं सोडताना म्हणायची, “नथ्थूभाऊ, काळे होतो तवा सावलीत जेवत होतो. आता हिरवे झालो, तर उन्हात!”

नथ्थू म्हणायचा, “नवं हाय बाई. होईल हळूहळू.” आणि टोपी नीट करायचा.

आता आली चैतातली ती दुपार. टँकर यायचाच मुळी बाराच्या सुमाराला, भोंगळेच्या सोयीनं. नथ्थूनं एका पॅनलवर तळहात टेकला — हाय रे! चटकन भाजला! आणि मंडळी, अंगात मुरलेला कोळसा जागा झाला. नाक वर गेलं!

“गिरजाबाई, मारा पाणी!”

“भाऊ, लय तापलंय. थोडं उतरू द्या.”

“तापलंय म्हणूनच ना! मुकादम कोण हाय इथं?”

“तुमीच हा बाप्पा!”

“मग मार!”

तिनं नळी सोडली. टच्च! अख्ख्या काचेवर तडे, कोळ्याचं जाळंच! नथ्थूला वाटलं, एखादी काच कच्ची असेल. म्हणाला, “पुढच्यावर मार.” टच्च!

आजीला विचारा. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाणी पडलं की काय होतं? वरचा थर झटक्यात आकसतो, आतला फुगलेलाच असतो, आणि त्या ओढाताणीत काच जाते. मी विज्ञानाचा पदवीधर आहे हो! वडिलांना वाटलं होतं, पोरगा प्रयोगशाळेत जाईल. पोरगा फेटा बांधून तुमच्यापुढं उड्या मारतोय. पण पाहा बाबा, शिक्षण एकदाचं कामी आलं!

भोंगळे धावत आला. “नळी कोणाच्या हातात होती?”

गिरजाबाईच्या.

“उद्यापासून येऊ नको.”

संपलं! इतकं सोपं. फाटकाचा पास नाही, मग कामावरून काढायला कितीसा वेळ लागतो?

नथ्थूकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही. गप्प राहिला असता तर मुकादमी शाबूत, टोपी शाबूत. त्याच्या मनानं तेवढ्यात वकीलही उभा केला — नळी तिनंच सोडली ना? आपण तर नुसतं बोललो! गिरजाबाई खाली वाकून नळी गुंडाळायला लागली, काम संपल्यावर रोज गुंडाळायची तशीच, नीट. आणि नथ्थूला तिचं दार आठवलं. ‘मी जिम्मेदार.’

त्यानं टोपी काढली.

“साहेब, नळी तिच्या हातात होती, पण डोकं माझं होतं. म्हणजे… नव्हतं! ती नको म्हणत होती. मी मोठा कोळशाचा पंडित. तापलं की पाणी, एवढंच येते मले. काचेले कोळसा समजून बसलो!”

बाया फिसकन हसल्या. भोंगळे नाही हसला. “मग तुम्ही दोघंही चालायला लागा.”

तेव्हा बाकीच्यांनी हातातले ब्रश खाली ठेवले. कोणी घोषणा दिली नाही. नुसते ठेवले.

तेवढ्यात फुटक्या काचा पाहायला कंपनीच्या इंजिनीअरबाई आल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. “भर दुपारी धुता? हे पहाटे धुवायचं असतं! तुम्हाला शिकवलं नाही कोणी?”

नथ्थूनं टोपी पुढं धरली. “बाई, यार्डात नळी हातात द्यायच्या आधी शिकवत होते. ढीग खचला तर काय, वायू लागला तर काय. इथं ही टोपी दिली. मी उलटीसुलटी करून पाहिली, आत काही लिहिलं नाही.”

बाईंनी टोपी हातात घेऊन आतून पाहिली. मग भोंगळेकडं वळल्या.

गिरजाबाई राहिली! नथ्थूही राहिला. पाणी पहाटे यायला लागलं, शेड उभी राहिली, शिकवणी लागली. मी आता सांगणार होतो की सगळ्यांना पास मिळाले, दवाखाना मिळाला — आख्यान गोड करायची वाईट खोड आहे मला! — पण नाही हो. ठेकेदार अजून तोच आहे आणि दवाखान्यासाठी त्यांचं भांडण अजून चालू आहे. शिकवणीत नथ्थू पहिल्या रांगेत बसायचा, आणि गिरजाबाई मागून विचारायची, “नथ्थूभाऊ, तापलं की काय करायचं?”

“घरी जायचं!”

वाजवा की हो टाळ्या! छान वाटलं ना? मलाही वाटलं. नथ्थूला हसलो, भोंगळेला नावं ठेवली, आता पाळणा म्हणायचा आणि सुंठवडा…

थांबा. पेटी थांबवा जरा, दिगंबरपंत.

काकू, अजून टपकतंय का? टपकतंय!

बारा वाजत आलेत, मंडळी. अध्यक्ष, वर कोण आहे? ठेकेदाराचा माणूस. बरं. नाव काय त्याचं? …माहीत नाही? मलाही नाही! सगळं आख्यान त्यानं पुसलेल्या उजेडावर ओरडतोय, आणि मी काय केलं? काकूंना सरकून बसा म्हणालो! हा तुमचा विद्वान बुवा!

अहो, पाणी बंद करा म्हणावं, काच जाईल — छे! पाहा, आधी काचच आठवली मला! त्याला खाली बोलवा. शिडी धरा कोणीतरी. पंख्याखालची ही माझी जागा मोकळी करतो, आणि तो माझा तांब्या इकडं आणा. जन्म थांबेल हो! राम सूर्यवंशाचा आहे, ऊन काय असतं ते त्याला ठाऊक आहे.

या दादा, या. आधी पाणी घ्या. सावकाश.

नाव काय तुमचं? …मोठ्यानं सांगा. माईक तुमचाच आहे.