मावशीचं बोलणं मधेच तोडलं

...आणि वर तो जुन्या सामानाचा दुकानदार मलाच म्हणतो, "साहेब, उघडायचा, पुसायचा, लावायचा... त्यात काय एवढं!" त्यात काय एवढं? अहो, माझी काय गत झाली ते सांगू का तुम्हाला? सांगतोच. बसा. नाही, अगदी टेकून बसू नका, मीही त्या दिवशी टेकून बसलो नव्हतो!

तर आमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. वाचायचं नाही, टीव्ही नाही, वाकायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, पडून राहायचं आणि काहीतरी ऐकत बसायचं." मी म्हटलं, आई, फोनवर गाणी लावून देतो. "नको." रेडिओ आणू? "नको. मला ताईची कॅसेट ऐकायचीय."

ताई म्हणजे आईची थोरली बहीण. आमची मावशी. लग्न करून लांब गेली, इतकी लांब की फोन लागता लागायचा नाही, आणि पत्र लिहायचा दोघींनाही कंटाळा. मग या बायकांनी काय करावं? मावशी कॅसेटवर बोलायची आणि ती पोस्टात टाकायची. आई ती ऐकायची, आणि... आता नीट ऐका हं... त्याच कॅसेटवर, मावशीचं सगळं पुसून, आपलं उत्तर भरायची आणि पाठवून द्यायची! मावशी ते ऐकायची, पुसायची, पुन्हा भरायची! वर्षानुवर्षं दोघींत मिळून एक कॅसेट! मी एकदा म्हटलं, अगं, दुसरी आणून देतो की. तर म्हणे, "कशाला? ही काय झिजलीय?"

मग एकदा मावशीची कॅसेट आली, आणि आईचं उत्तर जायच्या आत मावशीच गेली. ते उत्तर आईने कधी भरलंच नाही. भरलं असतं तर मावशी पुसली गेली असती ना! तेवढाच आवाज उरलाय तिचा. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलेला. आणि ती कॅसेट ऐकायचा आमचा टेप कधीच भंगारात गेला होता.

म्हणून मी त्या दुकानात गेलो. छोटासा, हातात मावणारा, स्वतःचा स्पीकर असलेला, रेकॉर्डिंगचं लाल बटणसुद्धा असलेला प्लेअर. म्हटलं, चालतो का? म्हणाला, "चालेल की! आतला रबरी पट्टा तेवढा गेलाय, हा घ्या नवा. घरी उघडायचा, पुसायचा, लावायचा. त्यात काय एवढं!"

उघडला. तुम्हाला सांगतो, आत पट्टा नव्हताच! पट्ट्याचं डांबर झालं होतं, डांबर! बोटाला, बोटाचं नाकाला, नाकाचं रुमालाला... बायको दारात उभी. "अहो, ते टेबलक्लॉथला लागलं तर बघा हं!" मी म्हटलं, अगं, इथे यंत्राचं हृदय उघडलंय आणि तुला टेबलक्लॉथ? तर म्हणते, "हृदयाचे डाग निघत नाहीत." घ्या! पण स्पिरिट आणि कापूस तिनेच आणून दिला, खोटं कशाला बोलू. पुसलं, नवा पट्टा चढवला, बटण दाबलं... आणि चाकं गरागरा फिरली! माझी छाती अशी फुगली! शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

बायको म्हणाली, "आधी दुसरी एखादी कॅसेट घालून बघा." बरोबर होतं हो तिचं! पण दुसरी आणू कुठून? सगळ्या गेल्या टेपबरोबर. आणि आतून आई, "झालं का रे?... झालं का?... अरे, झालं का?" शेवटी तिने उशीखालून कॅसेट काढून माझ्या हातावर ठेवली. हात सोडेना. "जपून हं." म्हटलं, आई, त्यात काय एवढं!

जीभ का नाही झडली माझी!

बाहेरच्या खोलीत आलो, म्हटलं एकदा लावून बघू आणि मग नेऊ. लावली. मावशी आली! खणखणीत! "अगं ऐक, परवा काय झालं, मी आपली गच्चीवर..." आणि मग तिचा आवाज जाड झाला. "गऽऽच्चीऽऽवऽऽऽर..." पुरुषासारखा झाला! आणि बंद. झाकण उघडेना. बघतो तर आतला रबरी रोलर चिकट, आणि मावशी त्याच्याभोवती गुंडाळली गेलेली!

पाचावर धारण बसली माझी. आतून आई, "काय रे, थांबली का ती?"

मी म्हटलं, "नाही नाही, आई, श्वास घ्यायला थांबलीय!"

आतून लगेच, "ताई? श्वास घ्यायला?"

तिला तिथेच संशय आला. मावशी बोलताना श्वास घेत नसे, हे अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे.

मग काय! बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला. तिने बॅटरी धरली. मी एकेक वेढा सोडवतोय... घाम नाकावरून खाली यायला लागला, तर बायकोने पदराने टिपला, म्हणाली, "टेपवर पडेल." फीत चुरगळलेली, दुमडलेली, पण तुटत नव्हती. एका जागी तर केसाएवढी चीर! मी श्वास धरला, तिने श्वास धरला. "अहो, तुटली तर आईंना काय सांगायचं?" मी म्हटलं, बोलू नकोस गं, हात हलतो! आणि खरं सांगू? मला तेव्हा रडू येत होतं. एवढा मोठा माणूस, हातात चिमटा, आणि डोळ्यांत पाणी.

निघाली! अखंड निघाली! पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळली, रोलर घासून पुसला, कॅसेट परत बसवली. आता या भानगडीत प्लेअरचं वरचं कव्हर काढलेलं, बटणांच्या टोप्या निघालेल्या, नुसते दांडे उभे. दाबला एक. चाकं फिरली, छान फिरली! पण आवाज? आवाजच नाही! बायको म्हणते, "फिरतंय ना, मग बोलत का नाही?" म्हटलं, मला काय विचारतेस? हलवलं, थोपटलं, स्पीकरची तार ओढून पाहिली. मग माझा तोल गेला. म्हटलं, "फेकून दे हे डबडं! आणि ही मावशी! जिवंतपणी हिचं तोंड कधी मिटलं नाही, आणि आज मी हातापाया पडतोय तर एक शब्द काढत नाही!"

बायकोने माझा दंड धरला. नुसतं बोट दाखवलं. मी दाबलेला तो दांडा... लाल रंगाचा होता. झटकन बंद केला.

उघडायचा, पुसायचा... पुसलं की हो! मावशीला पुसलं मी! जे आईने इतकी वर्षं केलं नाही, ते मी एका अंगठ्याने केलं!

आणि तेवढ्यात भिंतीला हात लावत लावत आई दारात. पट्टीसकट. "दे इकडे. मी लावते." काय सांगणार? कसं सांगणार? म्हटलं, आई, जरा... "लाव." मागे फिरवून लावली.

"अगं ऐक, परवा काय झालं, मी आपली गच्चीवर..." खर्र्... आणि मग मी! "फेकून दे हे डबडं! आणि ही मावशी! जिवंतपणी हिचं तोंड कधी मिटलं नाही..." शब्दन् शब्द! मी जमिनीकडे बघत उभा. आणि माझं संपतंय न संपतंय तोच मावशी परत, "...बरं, ते राहू दे. तुझं सांग."

आईचे ओठ हलत होते. म्हटलं, आता रडणार. तर ती बोलायला लागली... मावशीच्या आवाजात! "मी आपली गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर वाऱ्याने यांचा सदरा उडाला तो थेट समोरच्यांच्या गॅलरीत, आणि त्या बाईने तो घडी करून आपल्या नवऱ्याच्या कपाटात ठेवला..." तोच ठसका, तीच घाई! मी पुसलेलं सगळंच्या सगळं, पाठ! मग पट्टीच्या खालून एक थेंब ओघळला, आणि ती हसत सुटली. "अरे, आमच्या बाबांना जमलं नाही, तिच्या नवऱ्याला जमलं नाही. ताईला मधेच तोडणारा तू पहिला!"

मी म्हटलं, आई, माफ कर, तेवढा तुकडा काहीतरी करून... तर म्हणाली, "हात लावायचा नाही."

आता डोळ्याची विचारपूस करायला जो येतो, त्याला ती कॅसेट ऐकावी लागते. माझा भाग आला की आई बोट वर करते, "हा आमचा मुलगा." पाहुणे मान हलवतात, माझ्याकडे बघतात, चहा घेतात. मी ट्रे धरून उभा. आणि तुम्हाला सांगतो, दुःख शिव्यांचं नाही हो... आवाज इतका स्वच्छ आलाय ना माझा! मावशीपेक्षा स्पष्ट! रिपेरिंग एवढं उत्तम आयुष्यात कधी जमलं नव्हतं मला.